आधी शिक्का, मग सिनेमा

सांस्कृतिक संस्थेत कार्टूनला थेट प्रवेश नसतो. मातीत खेळून आलेल्या पोराला मोरीत उभं करून हातपाय धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत, तसंच त्याचं. पहिल्या तांब्याला त्याचा ‘ॲनिमेशनपट’ होतो. दुसऱ्या तांब्याला ‘जागतिक कीर्तीचा ॲनिमेशनपट’. तिसरा ओतला की ‘मोठ्यांनीही आवर्जून पाहावा असा’ होऊन तो निमंत्रणपत्रिकेत जाऊन बसतो. मग दीपप्रज्वलन.

पुढचा क्रम ठरलेला. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, पाहुण्यांचं मनोगत. मनोगतात पाहुणे सांगतात की आमच्या लहानपणी हे असलं काही नव्हतं, आम्ही विटीदांडू खेळायचो. मग सिनेमा. सिनेमानंतर चर्चा. ‘माय नेबर टोटोरो’ या जपानी ॲनिमेशनपटाची लांबी ८६ मिनिटं. त्याच्या अलीकडची आणि पलीकडची भाषणं गाळली असती, तर तेवढ्या वेळात टोटोरो आणखी एकदा दाखवून झाला असता, आणि पोरांनी तिसऱ्यांदा मागितला असता.

दाखवू नका असं कोणी म्हणत नाही. दाखवा, बोला, भांडासुद्धा. आमचं म्हणणं एवढंच, की संस्था सिनेमा बघण्याआधी त्याच्यावरचा शिक्का बघतात. शिक्के तीन प्रकारचे: दुःखाचा, बक्षिसाचा आणि सरकारचा. यातला एकही नसेल तर त्या सिनेमाची जागा घरी, टीव्हीवर, जेवणाच्या वेळी. तिथे मोठी माणसंही तो बघतात. फक्त कबूल करत नाहीत.

हा रोग आपल्याकडचाच, असं समजून कोणी लाजू नये. जपानातही तो जुना आहे. जुनइची कोउची यांनी १९१७ मध्ये ‘नामाकुरा गाताना’ नावाचं चारेक मिनिटांचं कार्टून काढलं. एका बावळट सामुराईच्या गळ्यात बोथट तलवार मारली जाते आणि ती चालवून बघताना त्याचीच फजिती होते, एवढीच गोष्ट. हसायचं आणि विसरायचं. जपान खरोखरच विसरला. जवळजवळ ९० वर्षांनी, २००७ मध्ये, ओसाकाच्या जुन्या बाजारात त्याची रीळ सापडली. थिएटरांत लागलेल्या आणि आज हाती असलेल्या जपानी ॲनिमेशनपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. शिक्का नसला की सिनेमा भंगारात जातो आणि नशीब असेल तर भंगारातून परत येतो.

शिक्का असला की काय होतं, तेही बघा. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट एप्रिल १९४५ मध्ये लागला. ‘मोमोतारो’. लोककथेतला पीचमधून जन्मलेला मुलगा सेनापती. माकडं, अस्वलं आणि ससे नौदलाच्या गणवेशात. आश्रयदाते: नौदल मंत्रालय. याहून जाड शिक्का मिळायचा नाही. अडचण एवढीच, की तोवर शहरांवर बॉम्ब पडत होते आणि शाळकरी पोरं खेड्यांत हलवली गेली होती. शिक्का होता, प्रेक्षक नव्हता. पुढे हा सिनेमा नष्ट झाला असंच सगळे धरून चालले होते; १९८०च्या दशकात शोचिकू कंपनीच्या गोदामात तो मिळाला. २०१६ मध्ये कानच्या महोत्सवात तो अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवला गेला. आधी ‘युद्धोपयोगी’, मग ‘अभिजात’. सिनेमा तोच.

आता दुःखाच्या शिक्क्याकडे येऊ. तो सगळ्यांत जास्त चालतो.

१९८०च्या दशकात दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांना ‘टोटोरो’ करायचा होता. खेड्यातल्या दोन बहिणी आणि झाडात राहणारा केसाळ प्राणी. यात भांडण नाही, खलनायक नाही, कोणी कोणाला हरवत नाही. पैसेवाल्यांनी विचारलं, मग यात आहे काय? तेव्हा त्यांचे सहकारी तोशिओ सुझुकी यांनी एक शक्कल काढली. दुसरे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांना ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ करायचा होता. तो अकियुकी नोसाका यांच्या गाजलेल्या कथेवर होता, आणि कथेचं पुस्तक शिंचोशा या भारदस्त प्रकाशनसंस्थेचं. साहित्यिक कथा, युद्धाची पार्श्वभूमी, शाळांच्या सहली येतील. दोन्ही सिनेमे एका तिकिटात लावायचे ठरलं. गंभीर सिनेमाचा हात धरून केसाळ प्राणी आत घुसला. १६ एप्रिल १९८८ला जपानी प्रेक्षकांनी एकाच बैठकीत दोन्ही पाहिले. गल्ला काही फार जमला नाही. पुढे टोटोरोची मऊ खेळणी बाजारात आली आणि तो प्राणी चक्क या दोघांच्या घिबली स्टुडिओचं बोधचिन्ह होऊन बसला. ज्याला एकट्याला तिकीट मिळत नव्हतं, त्याच्या नावावर दुकान चाललं.

आता संस्था काय करतात? ही जोडी फोडतात. टोटोरो उन्हाळ्याच्या सुट्टीत, बालविभागात. ‘फायरफ्लाइज’ ऑगस्टात, हिरोशिमा दिनाच्या आसपास, मोठ्यांच्या विभागात. सिनेमात हिरोशिमा नाही. अणुबॉम्ब नाही. कोबे शहरावर पडलेले आगलावे बॉम्ब आहेत, आणि त्यानंतरची भूक आहे. पण पत्रिका छापून झालेली असते.

मग चर्चा. युद्ध वाईट असतं यावर सभागृहाचं एकमत होतं. जणू विरुद्ध बाजू मांडायला कोणी आलं होतं! खुद्द ताकाहाता शेवटपर्यंत सांगत राहिले की हा युद्धविरोधी चित्रपट नव्हे. चौदा वर्षांचा मुलगा चार वर्षांच्या बहिणीला घेऊन जगापासून तुटून स्वतंत्र संसार मांडायला जातो आणि तो संसार कोसळतो, ही त्यांच्या लेखी गोष्ट होती. आजच्या पोरांनाही माणसं नकोशी होतात, म्हणून ती आजची गोष्ट. पण हे सभागृहात सांगायचं, तर पाठीमागच्या फलकावरचं ‘शांततेसाठी सिनेमा’ खाली उतरवावं लागेल.

जोडी एकत्र पाहिली असती तर कोणाच्याही लक्षात आलं असतं, की टोटोरोतली मेई चार वर्षांची आहे आणि ‘फायरफ्लाइज’मधली सेत्सुकोही चारच वर्षांची. दोघींना सांभाळणारं एकेक मोठं भावंड. एकीची आई इस्पितळात, दुसरीची बॉम्बहल्ल्यात होरपळून गेलेली. एक मका उराशी धरून आईकडे निघते. दुसरीला खायला दाणा नाही. मध्ये अंतर किती, तर दहा-बारा वर्षांचं. देश तोच, शेतं तशीच. टोटोरोची हिरवळ कशाच्या पाठोपाठ उगवली आहे, हे त्या एका तिकिटात लिहिलेलं होतं. आपण तिकीट फाडून दोन महिन्यांत वाटलं.

पुणेकरांसाठी आणखी एक. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना, जून १९४५ मध्ये, त्यांच्या शहरावर बॉम्ब पडले आणि ते रात्रीच्या कपड्यांत बहिणीबरोबर आगीतून पळत सुटले. ते शहर ओकायामा. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या मैत्रीखातर, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं आहे, तेच. आपण तिथे पुलावर उभं राहून तळ्यातले मासे बघतो आणि फोटो काढतो. चर्चेत मात्र ‘जपानी माणसाची चिकाटी’ यावर वीस मिनिटं जातात.

दुसरा शिक्का बक्षिसाचा. इथे न्यायाने बोललं पाहिजे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९९ मध्येच घिबलीचे सिनेमे ओळीने दाखवले होते. तेव्हा ऑस्कर नव्हतं, बर्लिन नव्हतं. त्यांनी शिक्क्याची वाट न बघता डोळे वापरले. बाकीच्यांची रांग नंतर लागली. २००२ मध्ये ‘स्पिरिटेड अवे’ला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, २००३ मध्ये ऑस्कर. मियाझाकी ऑस्करच्या सोहळ्याला गेलेच नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात जायचं नव्हतं, हे कारण त्यांनी काही वर्षांनी सांगितलं. आणि २०२१ मध्ये ऑस्करवाल्या अकॅडमीने लॉस एंजेलिसमध्ये आपलं संग्रहालय उघडलं, तेव्हा पहिलं मोठं प्रदर्शन कोणाचं भरवलं? मियाझाकींचंच. न आलेल्या पाहुण्याचा फोटो दिवाणखान्यात लावायला मोठं मन लागतं. २०२४ मध्ये ‘द बॉय अँड द हेरॉन’लाही ऑस्कर मिळालं. तेव्हाही घिबलीकडून ते घ्यायला कोणी व्यासपीठावर आलं नाही. आमच्या ओळखीत असा एकही साहित्यिक नाही.

तिसरा शिक्का सरकारचा. इथे मजा आहे. जपानचे माजी पंतप्रधान तारो आसो यांचं मांगाप्रेम, म्हणजे जपानी कॉमिक्सचं वेड, सर्वांना ठाऊक. त्यांच्या सरकारने २००९ मध्ये मांगा, ॲनिमेशन आणि तत्सम कलांसाठी राष्ट्रीय केंद्र उभारायला पुरवणी अर्थसंकल्पात ११७० कोटी येन ठेवले. विरोधी पक्षनेते युकिओ हातोयामा यांनी त्याला सरकारी मांगा-कॅफे म्हणून हिणवलं. मांगा-कॅफे म्हणजे तासावर पैसे भरून कॉमिक्स वाचत पडायची जागा. देश मंदीत, आणि हे कार्टूनला महाल बांधतायत! निवडणूक झाली, आसो गेले, हातोयामा आले, केंद्र बारगळलं. ज्या कलेमुळे जगभरची पोरं जपानी शिकतात, तिला घर बांधायचं म्हटल्यावर जपानलाच हसू आलं. घरच्या पोराला शिक्का देताना सरकारचाही हात थरथरतो.

तोवर टोकियोलगतच्या मिताकामध्ये वेगळंच काही चाललं होतं. घिबली संग्रहालय १ ऑक्टोबर २००१ला उघडलं. त्याचं कागदोपत्री नाव ‘मिताका नगर ॲनिमेशन कला संग्रहालय’. स्टुडिओकडच्या मंडळींनी इमारत बांधून ती नगरपालिकेला देऊन टाकली. आपल्याकडे नगरपालिकेला इमारत दिली तर आधी तिच्यावर नाव कोणाचं, यावर सभा तहकूब होते. तिथे आत फोटो काढायला बंदी आहे. बघण्याचा क्रम ठरवलेला नाही. हरवून जा, असंच पाहुण्यांना सांगितलं जातं. दारावर तिकीट मिळत नाही, आधी काढावं लागतं. आत सुमारे ८० जणांचं चिमुकलं थिएटर आहे. तिथे फक्त त्या संग्रहालयासाठीच केलेले छोटे सिनेमे दाखवतात. टोटोरोतल्या मेईची आणि मांजर-बसच्या पिल्लाची एक गोष्टही त्यांत आहे. खेळ संपला की थिएटरच्या खिडक्या उघडतात आणि दिवसाचा उजेड आत येतो. चर्चा नाही. मान्यवर नाहीत. आभारप्रदर्शन नाही. तरीही लोक सुखरूप घरी पोचतात, असं कळतं.

आता शिक्केबाजीचा खरा कस लावू. आमच्याकडे एक सिनेमा आहे. जपान सरकारच्या सांस्कृतिक खात्याच्या मीडिया आर्ट्स महोत्सवात २००२ मध्ये ॲनिमेशनचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी तेच पारितोषिक ‘स्पिरिटेड अवे’ आणि सातोशी कोन यांचा ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’ यांना विभागून मिळालं होतं. म्हणजे पंगत कोणाची, ते बघा. दिग्दर्शक केइची हारा. सोळाव्या शतकातलं युद्धग्रस्त जपान, एक अबोल सामुराई, एक राजकन्या, दोघांना न बोलता आलेलं प्रेम. या कथेवरून २००९ मध्ये नटांना घेऊनही सिनेमा निघाला. संस्थाचालक पुढे सरसावतील: वा, वा, ठेवू या की! नाव काय म्हणालात?

‘क्रेयॉन शिनचॅन’.

संपलं. शांतता. सचिवांना फोन येतो.

हाच तो शिनचॅन, ज्याच्यावर आपल्या सरकारने २००८ मध्ये बंदी घातली होती. पुढे कात्री लावून तो परत आला. आपल्या घराघरात तो ‘पोरं बिघडवणारा’ म्हणून प्रसिद्ध. बक्षिसाचा शिक्का आहे, सरकारचाही आहे, सिनेमात दुःखही भरपूर आहे. तिन्ही शिक्के असून तो सभागृहात येणार नाही, कारण त्याच्यावर चौथा शिक्का आधीच बसलाय: घरातल्या आईचा.

तसा मराठी माणसाला जपानी ॲनिमेशनचा परिचय काल-परवाचा नाही. १९९०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली यायचा. मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची, हिंदी शीर्षकगीत गुलजारांचं, आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. अख्ख्या महाराष्ट्राने ते जपानी काम नानांच्या आवाजात, पोहे खात, कोणत्याही रसग्रहणाशिवाय पचवलं. त्याला ‘जागतिक ॲनिमेशन’ म्हणतात, हे कोणी सांगितलं नाही म्हणून आनंदात होतो.

रामाचीही तीच कथा. युगो साको यांना रामायणावर ॲनिमेशनपट करायचा होता. आपल्याकडे शंका निघाल्या: देव आणि कार्टूनमध्ये? शेवटी काम बहुतेक जपानात झालं. मुंबईचे राम मोहन सोबत होते. ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ १९९२ मध्ये पुरा झाला. तेव्हा थिएटरांत त्याचा गाजावाजा झाला नाही. पोरांनी तो टीव्हीवर पाहून पाठ केला. ती पोरं मोठी झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सिनेमा देशभर थिएटरांत लागला, तेव्हा ‘आपली संस्कृती’ म्हणून हारतुरे झाले. शिक्का मिळायला ३२ वर्षं लागली. चौदा वर्षांच्या वनवासात भागलं नाही.

आणि २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात थिएटरात यावा म्हणून ५० हजारांच्या आसपास लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. आला. यात बहुतेक कॉलेजची पोरं. त्यांनी कोणत्याही अध्यक्षांना विचारलं नाही. संस्था ज्यांच्यात ‘अभिरुची निर्माण’ करायला निघाल्या आहेत, ते तिकीट काढून आत बसलेले आहेत.

तर चर्चा. दिवे लागतात. मुलांना शेजारच्या खोलीत नेतात, तिथे चित्रकला स्पर्धा, विषय ‘माझा टोटोरो’, पहिल्या तीन क्रमांकांना बक्षीस. सभागृहात उरतात मोठे. एक गृहस्थ उठून म्हणतात, “माझा प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे.” इथून पुढे घड्याळ बघू नये. त्यांच्यामागे जपानी भाषेची ‘एन-थ्री’ परीक्षा पास झालेल्या बाई सबटायटलमधली चूक काढतात. मग कंपनीच्या ट्रेनिंगला नागोयात राहून आलेले साहेब तिथल्या गाड्या कशा सेकंदावर सुटतात ते सांगतात. सिनेमात आगगाडी दिसली, एवढं निमित्त पुरतं. कोणी म्हणतं, ‘स्पिरिटेड अवे’तलं काओनाशी हे पात्र म्हणजे भांडवलशाही. कोणी म्हणतं, छे, शहरी एकटेपणा. सूत्रसंचालक दोन्ही मान्य करून वेळेचं भान देतात.

यावर उतारा मियाझाकींनीच दिला आहे. ‘द बॉय अँड द हेरॉन’ २०२३ मध्ये जपानात ट्रेलरशिवाय, जाहिरातीशिवाय, एका पोस्टरच्या बळावर लागला. त्याआधी आपल्याच माणसांना तो दाखवताना त्यांनी कळवलं की तुम्हाला बहुधा समजला नसेल, मलाही काही ठिकाणी समजलेला नाही. बनवणाऱ्याला जे समजलं नाही, ते आपल्या सभागृहात चहाच्या आत समजतं.

चांगली चर्चा होऊच शकत नाही, असं नाही. सबटायटल इंग्रजी असतात, आणि पहिलीतल्या पोराला ती वाचता येत नाहीत. अशा खेळाला मागच्या रांगेत कान द्या. एक आई पोराच्या कानाशी लागून अख्खा सिनेमा मराठीत सांगत असते. कुठे थांबायचं, कुठे सांगायचं नाही, कुठे पोरालाच विचारायचं, हे तिला बरोबर कळतं. पुढच्या रांगेतले मान्यवर वळून तिला “शू” करतात. त्या संध्याकाळचं एकमेव रसग्रहण ते गप्प करतात. त्यापेक्षा पुष्पगुच्छांचे पैसे वाचवून दोन सिनेमांची मराठी सबटायटल करून घेतली, तर संस्थेचं नाव निघेल.

फुकट सल्ला देतो, कारण विकत कोणी घेत नाही. टोटोरो आणि ‘फायरफ्लाइज’ एका तिकिटात लावा. शिनचॅनचा तो सिनेमा लावा आणि पत्रिकेवर नाव मोठ्या अक्षरात छापा. मुलांना चित्रकलेला पाठवू नका; निवेदनवाल्या गृहस्थांना पाठवा. आणि चर्चा हवीच असेल तर ती दुसऱ्या दिवशी ठेवा, सकाळी दहाला, सिनेमाशिवाय, चहाशिवाय. जो येईल, त्याच्याकडे सांगायला काहीतरी असेल. कोणीच आलं नाही, तर सभागृहाचं भाडं वाचलं.